तीन मिलिमीटर

गाडी मी कापली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला कुणी भला माणूस समजायला नको.

गाडी खरी नव्हती. लाकडी सांगाड्यावर चढवलेली प्लास्टरची होती, पूर्ण मापाची, चारही चाकं लावलेली. तोरीनोत गाडी पत्र्याची व्हायच्या आधी अशी पांढरी जन्मते. ते प्लास्टर चढवणं आणि खरवडणं हा माझा धंदा. विल्यानीच्या कारखान्यात मी नऊ वर्षं हेच केलं आणि नऊ वर्षं 'मातीखाऊ' ही शिवी ऐकली, कारण मी कालाब्रियाचा. उत्तरेकडच्यांना वाटतं, आम्ही दक्षिणेत मातीच खातो.

रेघा ओढायचा ओरेस्ते गिबाउदो. बावीस वर्षांत त्याने एकोणीस गाड्या काढल्या, आणि एकोणीसही गाड्यांच्या अंगावर पितळी अक्षरात 'विल्यानी' लिहिलेलं. मालकाला कागदावर साधा पेलाही सरळ काढता येत नव्हता. पण कारखाना त्याचा, म्हणून रेघही त्याची. मासिकात फोटो यायचा तो त्याचा, पेन्सिल हातात धरलेला. पेन्सिल ओरेस्तेची असायची. फोटो झाला की तो ती परत मागून घ्यायचा.

नाताळच्या जेवणात मालकाला वाइन चढली आणि सगळ्या कामगारांसमोर तो बोलून गेला, "मोदेनाच्या गिऱ्हाइकाला नव्या गाडीची ओरेस्तेने काढलेली बाजू पसंत पडली, तर प्रदर्शनात माझ्या नावाशेजारी त्याचं नाव!" टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, "आणि फुल्वियोची पडली तर?" फुल्वियो म्हणजे मालकाचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा, मिलानोहून शिकून आलेला. मालक हसला. "तर गाड्या रेखाटायची चित्रशाळा फुल्वियोची. ओरेस्ते शववाहिन्या काढेल."

आमच्याकडे शववाहिन्याही बनत. पत्रा ठोकणारा म्हातारा जाकू म्हणाला, "चांगलंय की मास्तर. तिथलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही." सगळे हसले. ओरेस्ते हसला नाही. तो एक्कावन्न वर्षांचा होता.

आमच्याकडे रीत अशी, की एकाच नमुन्याच्या दोन बाजू वेगळ्या करायच्या. डावी एकाची, उजवी दुसऱ्याची. गिऱ्हाईक भोवती फिरतं आणि बोट दाखवतं. कुठली कुणाची ते त्याला सांगायचं नाही. ओरेस्तेची डावी होती. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच खांदा, म्हणजे एकच उभार, कुठे न अडखळणारा. फुल्वियोच्या बाजूवर सात रेघा होत्या. जाकू म्हणायचा, "पोराने गाडी काढली नाही, फणी काढलीय."

गिऱ्हाईक गुरुवारी दहाला येणार होतं. बुधवारी बाराचा भोंगा वाजला, सगळे जेवायला गेले, आणि मालकाने मला मागे थांबवलं.

"कार्मेलो, तुझा भाऊ आलाय म्हणे गावाहून."

"हो, कोमेन्दातोरे." सरकारने दिलेली ही पदवी लावल्याशिवाय त्याला हाक मारलेली चालत नसे.

"सोमवारी पाठव. घेऊ कामावर." मग तो डाव्या बाजूपाशी गेला आणि मागच्या दारावर तळहात ठेवला. "इथे जरा फुगल्यासारखं वाटतं. तीन मिलिमीटर उतरव."

फुगलेलं नव्हतं. ते त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या जागी तीन मिलिमीटर काढले की उजेड अडखळणार. गिऱ्हाइकाला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण डोळा उजवीकडे वळेल. दिलेला शब्दही मोडणार नाही आणि पोरगाही जिंकेल.

"मास्तरांना विचारून—"

"मी विचारतोय का तुला काही?"

मी पातं घेतलं. अर्ध्या तासात उतरवलं आणि वर चंदेरी रंग मारला. काम स्वच्छ झालं. माझं काम नेहमीच स्वच्छ होतं, हीच तर लाज आहे.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही नमुना ढकलत अंगणात काढला. ओरेस्ते बादली घेऊन आला. तो नेहमी असंच करायचा. रंगावर पाणी मारलं की उजेड आरशासारखा वाहतो आणि खोट दिसते. त्याने पाणी फेकलं. आकाशाची पट्टी पुढच्या चाकावरून निघाली, दार ओलांडून मागच्या दारावर आली आणि तिथे तिचा पाय मोडला.

बादली खाली ठेवून त्याने त्या जागी तळहात फिरवला, एकदा, दोनदा. मग वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच, कारण इतक्या सफाईने कापणारा कारखान्यात दुसरा कोणी नव्हता.

"भरून काढू, मास्तर," मी म्हणालो.

"दोन तासांत? ओलं प्लास्टर वाळणार कधी, रंग धरणार कधी? ठिगळ दिसेल."

एवढ्यात फुल्वियो नवा सूट घालून आला. "काय झालं? गळपटली का मास्तरांची आजीबाई?"

"तुझ्या फणीत ऊ सापडते का बघ जा," जाकू म्हणाला.

ओरेस्तेने हात पुढे केला. "पातं दे."

मी दिलं. त्याने कोट काढून दाराच्या कडीला अडकवला. त्याला काय करायचं होतं ते माझ्या लक्षात आलं. भरता येत नसेल तर उरतं फक्त कापणं. मी केलेला खड्डा तो मागे आणि पुढे ओढत नेणार होता, चाकापासून दिव्यापर्यंत, चार मीटर. हात एकदा चुकला की गाडी गेली, नाव गेलं, आणि पुढची दहा वर्षं शवपेट्यांची मापं.

त्याने मागून सुरुवात केली. माप नाही, साचा नाही. प्लास्टरची साल लांब निघून त्याच्या बुटांवर पडत होती. पुढच्या दारापाशी पातं लाकडाला घासलं. करकर आवाज आला आणि आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. सांगाडा तिथे वर आला होता. आणखी एक घास घेतला असता तर लाकूड उघडं पडलं असतं. त्याने मनगट किंचित वळवलं आणि पातं हलकं करून पुढे नेलं.

साडेनऊला मालक आला. निम्मी गाडी चंदेरी, निम्मी खरवडलेली पांढरी पाहून त्याचा चेहराच उतरला.

"हे काय चालवलंय? गिऱ्हाईक दारात आलंय!"

"रंगात खोट होती, कोमेन्दातोरे. काढतोय," ओरेस्ते पातं न थांबवता म्हणाला.

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

शेवटचा हात पुढच्या चाकावर विरला तेव्हा दहाला बारा मिनिटं होती. मी आणि जाकूने पळतपळत लाखेचं व्हार्निश मारलं. ते लवकर वाळतं. सगळी बाजू चहासारखी पिवळट झाली. रूप असं, की उजवीकडची चंदेरी तिच्यापुढे नवरीसारखी दिसावी.

मोदेनाचा इंजिनिअर आला. बुटका, जाड चष्म्याचा, नाव साम्माकिनी. आधी उजवीकडे गेला. मान डोलावली. "छान. बरंच काम आहे." फुल्वियो फुलला. मग तो डावीकडे आला आणि थांबला.

"ही अर्धवट आहे?"

"हो, हो," मालक घाईने म्हणाला, "ही सोडाच तुम्ही."

ओरेस्तेने बादली उचलली आणि आख्खं पाणी बाजूवर फेकलं.

आकाश चाकावर उतरलं, त्या खोलगट रेघेत शिरलं आणि दिव्यापर्यंत गेलं. कुठेही अडखळलं नाही. साम्माकिनीने चष्मा काढला आणि डोळे मिटून त्या खळग्यातून हात नेला. मग परत एकदा.

"हीच," तो म्हणाला. "कुणाची?"

अंगणात चाळीस माणसं होती.

"आमच्या घराण्याची," मालक म्हणाला. "इथे सगळं घराण्याचंच असतं."

ती आपलीच म्हणून मिरवायला फुल्वियो एक पाऊल पुढे आला होता! लाज बघा. बापाने त्याला अडवलं नाही. ओरेस्ते हातावरचं प्लास्टर निपटत होता. बावीस वर्षं तो अशाच वेळी गप्प बसला होता आणि आताही बसणार होता, ते त्याच्या खांद्यावरून कळत होतं.

"गिबाउदोची," मी म्हणालो. "नाताळच्या जेवणात शब्द दिलाय मालकांनी. नाव लावायचा."

"तुला कोणी विचारलं, मातीखाऊ?" फुल्वियो ओरडला.

"मला विचारलंस तर मीही तेच म्हणेन," जाकू म्हणाला. "आणि मी तर इथलाच, माझ्या बापाच्या बापाने पण माती खाल्ली नाही."

साम्माकिनीने चष्मा परत घातला. "मग करारावर नाव लिहा. पुढे बदल लागले तर मी घराण्याकडे जाऊ की माणसाकडे?"

नाव लिहिलं गेलं. शरद ऋतूतल्या प्रदर्शनात पाटीवर 'विल्यानी' मोठ्या अक्षरात होतं आणि खाली 'ओ. गिबाउदो', नखाएवढं. पण होतं. मासिकांनी त्या खळग्यावर पानं भरली.

मला शुक्रवारीच काढलं. भावाचा सोमवार उगवलाच नाही.

हत्यारांची पिशवी घेऊन मी फाटकातून बाहेर पडत होतो, तेव्हा ओरेस्ते मागून आला.

"ते तीन मिलिमीटर. कुणाच्या सांगण्यावरून?"

"मालकांच्या."

"जागा बरोबर निवडली त्याने. मुलापेक्षा नजर बरी आहे." तो जरा हसला, आणि मग हसू गेलं. "तू बोललास, त्याबद्दल आभार मानतो. पण कापताना तुझा हात थरथरला असता ना कार्मेलो, एकदा तरी, तर मी तुला माफ केलं असतं. मी तळहात फिरवून पाहिलंय. नाही थरथरला."

माझं पातं त्याच्याकडेच राहिलं होतं. ते त्याने माझ्या पिशवीत टाकलं आणि हात न मिळवता आत निघून गेला.