न उडणारे रोहित

पौषातले ऊन तिवरोलीच्या खाडीवर उतरते तेव्हा पाऊल न वाजवता उतरते. आधी तिवरांच्या शेंड्यांवर, मग करड्या-निळ्या पाण्यावर, मग ओहोटीने उघड्या टाकलेल्या त्या विशाल, आर्द्र, लखलखत्या पंकावर. चिखल कसला, निजलेल्या समुद्राचे पोटच ते! इतके मऊ, की भर दुपारी त्यावर कुणाची सावली पडली तर तीही घोट्यापर्यंत रुतते, असे तिवरोलीची माणसे शपथेवर सांगतात; आणि शपथ घ्यायला तिवरोलीत कुणाला फार कारण लागत नाही.

या पंकावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी येत. जास्वंदपंखी, वेलीसारख्या मानेचे, दीर्घजंघ रोहित. चोच उलटी करून चिखलात बुडवायची, मान डोलवायची, एका तालात पाऊल टाकायचे. असे ते चरू लागले की वाटे, कुणी कोळीण आपले नवे गुलाबी लुगडे खाडीत खळबळते आहे आणि लुगडे काही संपत नाही.

यंदा लुगडे वाळत पडले ते पार पलीकडे, खाडीच्या मुखाशी. तिथे लाटा मोठ्या. तिथे जोमा नाखव्याची बारकी होडी जात नाही.

अलीकडच्या चिखलाकडे पाखरांनी पाठ का फिरवली, ते जोमाला ठाऊक होते. वरच्या अंगाच्या कारखान्याचा नाला पावसाळ्यानंतर इथेच येऊन फुटला होता. चिखलावर जांभळी-काळी साय धरली होती. चिखलातून टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे पोट वर करून पडले होते. आणि जोमाची बायको चांगुणा, जिचे हात जन्मभर इथल्या शिंपल्या वेचत आले, तिच्या बोटांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली होती. तेव्हापासून ती या चिखलात उतरत नव्हती. रोहितही उतरत नव्हते.

जोमा मात्र बोलायचा थांबत नव्हता.

बोलणे हेच त्याचे शीड. शहरातून पाखरे बघायला येणाऱ्यांना तो होडीत बसवी आणि धक्का सुटायच्या आत पहिली थाप सोडी. रोहितांचा म्होरक्या पहाटे माझ्या दारात येतो, भरतीची वेळ विचारतो. एका रोहिणीने माझ्या होडीत अंडे घातले, ते उकडायला चार चुली लागल्या आणि खायला सगळा कोळीवाडा. माणसे हसत, जोमा हसे, खाडीसुद्धा किनाऱ्याला पोट लावून हसे. त्या थापांनी तोवर कुणाच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नव्हता.

पण यंदा माणसे रिकाम्या चिखलाकडे बघून परत जाऊ लागली. एक जण धक्क्यावर उतरता उतरता म्हणाला, "नाखवा, तुमचे पक्षी नुसते तोंडातच!"

ते बोलणे माशाच्या काट्यासारखे जोमाच्या घशात रुतले. बाहेर निघेना, खाली जाईना.

मग गणपतीच्या मखराचे थर्मोकोल माळ्यावरून खाली आले. त्याला पोट फुटले, मान फुटली, बाकदार चोच फुटली. बांबूच्या कामट्यांचे पाय आले. घराच्या भिंतीला लावून उरलेला राणी रंग डब्याच्या बुडाशी होता, तो अंगावर चढला. अंगणात पाखरांची पंगत उभी राहिली. शुभ्रगर्भ, रक्तवर्ण, निष्प्राण पंगत.

चांगुणा उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"पाय दिलं, चोच दिली, रंगपन दिला," ती म्हणाली. "अक्कल कोनाची दिली? मालकाचीच दिसते."

"लांबून कोनाला कललं?"

"मानसाला नाय कलनार," चांगुणा म्हणाली आणि आत गेली.

ओहोटीला जोमाने पायांना प्लॅस्टिक बांधले, त्या काळ्या सायीत उतरला आणि आपली पंगत चिखलात रोवून आला. वारा आला की माना किंचित डोलत. उन्हाची तिरीप आली की पाठी पेटत. लांबून बघताना जोमालाच क्षणभर ती खरी वाटली. असत्याला इतके देखणे रूप देता येते, हे त्याला साठीला टेकल्यावर कळत होते.

त्याच दुपारी होडीत कुमुदिनीबाई पोंक्षे येऊन बसल्या. ऐंशीच्या पुढच्या, वाळक्या शेंगेसारख्या हलक्या. बरोबर त्यांचा भाचा सुहास, गळ्यात कॅमेरा घेऊन.

भरती हलकेच आत येत होती. जोमाने होडी वळवली, यंत्र बंद केले आणि काही न बोलता बोट पुढे केले. जन्मात पहिल्यांदा त्याने पाखरे दाखवली आणि थाप मारली नाही; मारायची ती चिखलात उभीच होती.

"अगंबाई!" म्हातारी म्हणाली. नुसते एवढेच.

सुहासने डोळे बारीक केले. "नाखवा, हे हलत का नाहीत?"

"दुपारचा जेवान अंगावर आलाय त्यांच्या," जोमा म्हणाला. "शिंपल्या जड. तुमी मटन खाल्ल्यावर हलता काय?"

सुहास हसला. कुमुदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात जोडले होते. देवळात जोडतात तसे, थर्मोकोलपुढे.

"आमचे हे म्हणायचे, तुला एकदा खाडीवर नेऊन दाखवीन. मग नोकरी, मग मुलं, मग दुखणं. राहूनच गेलं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाखवलंत, नाखवा. देव तुमचं भलं करो."

आणि जोमाला लाज वाटली.

ती एकदम नाही आली. भरतीसारखी आली. आधी तळपाय ओले झाले, मग पोटऱ्या, मग पोटात कुठेतरी गार, खारट, गढूळ पाणी चढू लागले. आजी, ती खोटी हायत, एवढे चार शब्द. हजार थापांचा धनी असलेल्या त्याच्या जिभेला ते चार शब्द उचलेनात. त्याने वल्हे उगाच पाण्यात घातले, उगाच बाहेर काढले. म्हातारीच्या डोळ्यांत बघायचे टाळण्यासाठी तो आभाळात बघू लागला.

म्हणून ते त्याला सर्वांत आधी दिसले.

मुखाकडून, पाण्याच्या आणि आभाळाच्या मधल्या धूसर रेषेतून, एक दुसरी रेषा सुटून आली. लवचीक, तेजस्वी, सळसळती. माना पुढे ताणलेल्या, पाय मागे ताणलेले, मध्ये पंखांची काळी किनार आणि किनारीच्या आत अंगार. हवेत गेंगाणा कलकलाट भरला. ते वळले, झुकले. खाली काय पाहिले त्यांनी? आपलीच जात. शांत, निर्भय, पोटभर जेवून उभी असलेली आपली जात. जिथे इतके जण निवांत उभे आहेत, तिथे भय कसले?

एकेक करून रोहित उतरले. थर्मोकोलच्या खांद्याला खांदा लावून, त्या काळ्या सायीत.

"आणखी आले! आणखी आले!" सुहासचा कॅमेरा खटखटू लागला.

जोमा ताडकन उभा राहिला. होडी डुचमळली. "हाऽऽ! हुर्र! जावा! जावा तिकरं!" त्याने टाळ्या पिटल्या, वल्हे होडीच्या काठावर आपटले.

खऱ्या पाखरांनी माना वर केल्या. एकदा होडीकडे पाहिले, एकदा शेजाऱ्यांकडे. शेजारी हलले नव्हते. एकाचेही पंख फडफडले नव्हते, एकाचाही पाय उचलला नव्हता. शेजाऱ्यांवर त्यांचा भरवसा होता. त्यांनी माना खाली घातल्या आणि चोची काळ्या पाण्याकडे झुकवल्या.

"काय करताय नाखवा! घाबरवू नका ना त्यांना," कुमुदिनीबाई कळवळून म्हणाल्या.

त्या राखी, गुलाबी, लालभडक गर्दीच्या कडेला एक पिल्लू होते, अजून रंग न चढलेले, धुरकट. ते सगळ्यांत पुढच्या खोट्या पाखराजवळ गेले आणि त्याच्या पोटाखालच्या सावलीत उभे राहिले. मग त्यानेही इवली वाकडी चोच खाली नेली.

जोमाने उडी टाकली.

पाणी गुडघ्याला, चिखल मांडीला. यावेळी पायांना प्लॅस्टिक नव्हते. सायीने कातडीला चावा घेतला. तो लोळत, रुतत, उपसत गेला. ज्या चिखलात जन्म काढला तोच आज त्याला पावलोपावली धरून ठेवत होता. पहिल्या खोट्या पाखरापाशी पोचला. त्याच्या गळ्याला हात घातला आणि होडीतल्या दोन डोळ्यांच्या जोड्यांसमोर, भर उन्हात, ते उपटले.

मान कडकन मोडली. आतून पांढरेशुभ्र दाणे फुटले आणि वाऱ्यावर उधळले.

दुसरे. तिसरे. कामट्या तुटत होत्या, चोची तरंगत होत्या, राणी रंगाचे पोपडे पाण्यावर पसरत होते. आपल्या हातांनी घडवलेला तो सुंदर समुदाय जोमा आपल्याच हातांनी ठार करत होता, आणि प्रत्येक घावाला होडीत त्याचे नाव थोडे थोडे मरत होते.

मग पिल्लू दचकले. धावले. पाण्यावर चार लांब पावले पडली आणि त्याच्यामागे सगळा पंक उठला. रक्तपंख उघडले. खाडीवर, तिवरांवर, जोमाच्या वाकलेल्या पाठीवर अंगाराची छाया सरकली. गेले. मुखाकडे, मोठ्या लाटांकडे, स्वच्छ पाण्याकडे गेले.

सुहासचा कॅमेरा केव्हाच गप्प झाला होता. होडीला जोमाकडे ढकलत भरती कुजबुजत होती.

"म्हणजे," कुमुदिनीबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता, "आत्ता उडाले ते खरे. मग मी हात जोडले ते?"

कमरेपर्यंत चिखलपाण्यात रुतलेल्या जोमाने मान वर केली नाही. "ते माजे, आजी."

मग म्हातारीने होडीतली लांब काठी उचलली. ती त्यांना पेलत नव्हती. सुहासने मागून धरली. काठीचे टोक पाण्यावरून थरथरत जोमापाशी आले.

"धरा," त्या म्हणाल्या. क्षमा केली की नाही, ते त्या आवाजात नव्हते. "पाय भाजतील तुमचे. धरा लवकर."

जोमाने काठी धरली.

परतीच्या वाटेवर जोमाने यंत्र लावले नाही. वल्हे मारत राहिला. थर्मोकोलचे दाणे त्याच्या ओल्या अंगाला चिकटले होते. दंडांना, छातीला, मिशांना, भुवयांना. एक निपटावा तर तो बोटाला चिकटे, बोटावरून गालाला. वाऱ्याने उडत नव्हते. पाण्याने सुटत नव्हते. धक्का जवळ येत होता, धक्क्यावर जाळी विणत बसलेली माणसे माना वर करत होती, त्यांच्यात चांगुणाही उभी होती. जोमा वल्हे मारत होता, मान खाली घालून, अंगभर पांढरा. आणि पश्चिमेला सूर्य खाडीला टेकला, उजेड तिरपा झाला, आणि त्या एकेका दाण्यावर, हलकेच, न पुसण्याजोगा, गुलाबी रंग चढत गेला.