माझ्या शेजारी ठेवलेला गुलाब

मी मिरची बोलतेय. बोलणं झोंबलं तर झोंबू दे. आज माझाच जीव जळतोय.

एका वाळक्या मिरचीचं बी दह्याच्या रिकाम्या डब्यात पेरून घड्याळजींनी मला वाढवलं. दिवसभर दुकानात घड्याळं दुरुस्त करायची आणि घरी आलं की बूटही न काढता आधी गॅलरीत यायचं, असा त्यांचा नेम. डोळ्याला भिंग लावून माझं पानन्‌पान उलटून बघायचे. माव्याची कीड दिसली की बारीक कुंचल्याने झाडायचे, मग साबणाचं पाणी फवारायचे. तेही ऊन उतरल्यावर, माझी पानं भाजू नयेत म्हणून. लेकीचेही इतके लाड कुणी काय करेल!

त्यांचा एक नियम होता. नवी कुंडी घरात आली की ती पंधरा दिवस न्हाणीघराच्या खिडकीत, एकटी. "कीड पाहुणी म्हणूनच घरात शिरते," असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बजावायचे.

मग त्यांची थोरली बहीण महिनाभर राहायला आली, ती गुलाबाची कुंडी घेऊनच. कळ्यांवर मावा नुसता बुजबुजला होता. मला दिसला, घड्याळजींनाही दिसला. ते कुंडी उचलून न्हाणीघराकडे निघाले, तोच ताई म्हणाल्या, "का रे, मी आणलेलं झाड मोरीत ठेवतोस?"

"छे छे, ताई! असं कसं?"

आणि गुलाब माझ्या अंगाला खेटून ठेवला. त्यावर फवारलंसुद्धा नाही. ताईंना वाईट वाटेल ना! भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच?

आठवड्याभरात मावा माझ्या शेंड्यावर चढला. पानं आकसली, चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली, फुलं गळाली. तरी मी घाबरले नाही. म्हटलं, घड्याळजी आहेत ना.

काल ताईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "अगं बाई! तुझ्या या मिरचीनेच माझ्या गुलाबाला कीड लावली. उपटून टाक बघू आधी!"

मी घड्याळजींच्या तोंडाकडे बघत राहिले. एकच वाक्य बोलायचं होतं हो त्यांना! तर मान खाली घालून म्हणाले, "हो, मिरचीचंच असणार. उद्या टाकतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! परक्याने केलं असतं तर सोसलं असतं. बोटाएवढी होते तेव्हापासून ज्यांनी जपलं, त्यांनीच केसाने गळा कापला. माव्याने रस प्यायला, तो काही माझा सगासोयरा नव्हता.

आज सकाळी ते खुरपी घेऊन आलेत. आधी माझ्या पाच लाल मिरच्या खुडताहेत. "माफ कर गं," असं पुटपुटले, तेही आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

न्या, घड्याळजी, त्या मिरच्या. जेवताना खा. डोळ्यांत पाणी येईल आणि ताई विचारतील, "काय झालं रे?" तेव्हा मिरची तिखट होती म्हणू नका. निदान तेव्हा तरी माझ्यावर ढकलू नका.