नावावाचून माळ

“ह्यातली जपाला कंची बरी?” हरणाबाईंनी विचारलं.

सांगलीत गणपतीच्या देवळाजवळ विष्णुपंतांचं पूजासाहित्याचं छोटं दुकान होतं. त्यांनी लाल कापडावर तीन माळा मांडल्या होत्या. तुळशीची, स्फटिकाची आणि रुद्राक्षाची. हरणाबाईंच्या मागं त्यांची सून उत्कर्षा दवाखान्याची पिशवी धरून उभी होती. जतहून पहाटेच्या एस.टी.नं दोघी आल्या होत्या. हरणाबाईंना झोप लागत नव्हती. मेंढरं विकून टाकल्यापासून लोकर कातायची राहिली, आणि रिकामे हात सारखे लुगड्याचा काठ चिवडत बसत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि वर म्हणाले, “जमलं तर माळ ओढायला लावा. मनाला काहीतरी धरायला पाहिजे.”

“तुळस हलकी असते,” विष्णुपंत म्हणाले. “हात दुखणार नाही.”

“आमी मटान खातो. चालंल?”

“गळ्यात घालणार असाल तर सोडावं लागेल. नुसत्या जपाला हरकत नाही, मावशी.”

तरी हरणाबाईंनी ती परत ठेवली. स्फटिकाची हातात घेतली आणि चटकन सोडून दिली.

“लय गार हाय. हे गारठं नगं.”

उत्कर्षानं मान वळवून रस्त्याकडं पाहिलं.

रुद्राक्षाचा मणी मात्र हरणाबाईंनी अंगठ्यानं दाबून पाहिला. सुतानं घट्टे पडलेल्या बोटांना त्याचा खडबडीतपणा कळत होता. “ही घ्यू का गं?” त्यांनी सुनेला विचारलं. तिनं मान हलवली.

विष्णुपंतांना बरं वाटलं. त्यांनी माळ स्वतःच्या मधल्या बोटावर घेतली आणि अंगठ्यानं एकेक मणी ओढून दाखवला. “पहिलं बोट लावायचं नाही. हा मोठा मणी म्हणजे मेरू, तो ओलांडायचा नाही. आला की तिथूनच माघारी फिरायचं. एक मणी, एक नाव.”

“कुनाचं नाव?”

“तुमचं कुलदैवत कोणतं?”

हरणाबाईंचे हात लुगड्याच्या काठाकडं गेले. मग उत्कर्षाच हळू आवाजात म्हणाली, “बिरोबा.”

“झालं तर! शोधायला जायलाच नको. बिरदेव, बिरदेव म्हणत राहायचं. सोपं नाव आहे.”

हरणाबाई पायरी उतरून बाहेर गेल्या आणि रस्त्याच्या कडेला डोक्यावर पदर ओढून उभ्या राहिल्या.

विष्णुपंत गोंधळले. “माझं काही चुकलं का?”

“न्हाई वं,” उत्कर्षा म्हणाली. “आमच्या मालकांचं नाव त्येच हुतं. पाण्याचा टँकर चालवायचं. उन्हाळ्यात ओढ्यावरच्या पुलावनं खाली गेला.”

विष्णुपंतांनी माळ कागदात बांधली. देताना एवढंच म्हणाले, “मग शिवाचं घ्यायला सांगा. रामाचं घ्या. कोणतंही चालतं.”

पण हरणाबाईंना कोणतंही चालत नव्हतं. घरी आल्यावर त्या रोज दारात घोंगडं टाकून बसत आणि मणी ओढत. ओठ मिटलेले असत. शेजारच्या सुलाबाई एकदा म्हणाल्या, “आवं, नाव घेतल्याबिगर माळ वडून काय उपेग?”

“हात तरी गप बसत्यात,” हरणाबाई म्हणाल्या.

दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा त्यांनी आरेवाडीच्या बनात बिरोबाला नवस बोलला होता. तिसरं जगलं. देवानं दिलेल्या पोराला देवाचंच नाव ठेवलं, म्हणजे देव आपल्या नावाला तरी जपेल. तो गेल्यापासून हरणाबाईंनी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. देवाला हाक मारायची म्हटलं तरी समोर लेक यायचा, आणि लेकाला हाक मारावी तर ओ कोण देणार?

अमावास्येला गावातली माणसं बिरोबाच्या देवळात जमली. ढोल सुरू झाले. “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” वाऱ्याबरोबर आवाज घरापर्यंत आला. सुलाबाई बोलवायला आल्या होत्या, पण हरणाबाई उठल्या नाहीत. त्या माळ ओढत राहिल्या. ढोल चढत गेला तसा त्यांचा हात जोरात चालू लागला आणि एकाएकी थांबला.

“तुजं नाव दिलं हुतं की रं त्येला!” त्या देवळाच्या दिशेनं ओरडल्या. “आपल्या नावाचं बी राखता आलं न्हाई व्हय तुला? बिरदेवा! आरं बिरदेवा…”

पुढं शिवी यायची होती. ती आलीच नाही. बऱ्याच दिवसांनी जिभेवर आलेलं ते नाव त्यांना सोडवेना. “बिरदेवा,” त्या पुन्हा म्हणाल्या, जेवायला बोलवावं तशा. मणी सरकला. “बिरदेवा.” डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून माळेवर पडत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

उत्कर्षा पिठाच्या हातानंच बाहेर आली. तिला पाहून हरणाबाई गप्प झाल्या.

“थांबू नगा, आत्या.”

“तुला तरास हुईल गं पोरी.”

“कसला तरास?” उत्कर्षा खाली बसली. “तलाठ्याकडं गेलं की मयत म्हनत्यात. सुलामावशी ‘तुजा मालक’ म्हनती. मला त्यांचं नाव घ्यायची सवय न्हाई, आन तुमी घेत न्हाई. त्या मानसाचं नावसुदिक घरातनं गेलं. जरा मोठ्यानं घ्या की. मला बी ऐकू द्या.”

हरणाबाई घोंगड्यावर एका बाजूला सरकल्या. उत्कर्षा त्यांच्या खांद्याला टेकून बसली.

“बिरदेवा,” हरणाबाई म्हणाल्या.

आतून तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.