खळ्याएवढी कोरडी जमीन

काळू नदीच्या काठावर खालच्या पाड्यात पूररेषेचा नकाशा आला, तेव्हा त्यात चंद्राबाईचं घर कोरडं होतं. हे घर नदीपासून वीस पावलांवर. त्याच्या मागचा उंच माळ, जिथून ढोरंसुद्धा पाणी प्यायला खाली उतरतात, तो मात्र सगळा निळ्या रेषेत बुडाला होता.

नकाशाचा दोष नव्हता. तो पंचनाम्यावरून काढला होता, आणि पंचनामा भिंतींवरून.

चार वर्षांपूर्वी नदी चढली, ती चंद्राबाईच्या घरात छातीएवढी शिरली आणि माळाच्या पायथ्याशी थांबली. पंचनाम्याला साहेब येणार असं कळल्यावर माळावरच्या बायांनी खाचरातला गाळ पाट्यांतून आणून भिंतींना लावला, थेट वाशांपर्यंत. हात सारवणाचे, त्यामुळे घर चढावर असो की उतारावर, पाण्याची रेघ सगळीकडे जमिनीपासून सारख्याच उंचीवर आली. खऱ्या पुराला इतकी शिस्त नसते, पण साहेबांनी ती उतरवून घेतली. चंद्राबाईनं मात्र साहेब येणार म्हणून घरातला गाळ उपसला, भिंती नव्यानं सारवल्या आणि चहासाठी शेजारून दूध मागून आणलं. तिच्या नावापुढे लिहिलं गेलं : पाणी शिरल्याची खूण आढळली नाही.

तेव्हापासून नदी दर पावसाळ्यात काठ खात आली. आधी शेवगा गेला, मग गोठा, गेल्या भादव्यात चुलीची खोली. येत्या पावसाआधी माळावर घरकुल बांधून हलायचं, एवढंच आता उरलं होतं. पण निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, असा नियम.

शाळेच्या ओसरीवर सभा भरली. नकाशा घेऊन आलेल्या रश्मी मॅडम इंजिनिअर होत्या.

"पाणी खालचं घर सोडून वर चढलं कसं?" त्यांनी विचारलं.

"नदीच्या मनात काय येल ते कोन सांगनार," सरपंच देवजी म्हणाले.

"ज्यांच्या घरात पाणी आलं नव्हतं त्यांनी तसं लिहून सही करा. त्यांची जागा मी रेषेबाहेर काढायला पाठवते."

"आन तवा भेटलेली मदत?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते माझ्याकडे नाही. पण कागद कुठंही पोचतो."

सगळे नकाशा बघू लागले. इतक्या बारकाईनं तो काढणाऱ्यांनीही बघितला नसेल.

चंद्राबाई उठली. "मी कुनाला खोटं पाडाया आली नाय. माजी भिंत जूनपावत राहील, फुडं नाय. तेवढं लिवा, बाय."

"त्याला रकाना नाही, मावशी," रश्मी मॅडम हळू म्हणाल्या.

माळावर राहणारा चंद्राबाईचा दीर बारकू खांबाला टेकून बसला होता. "वैनी, तुमी बी तवा भिंतीला गाळ ठेवला असता तर?"

"पावना यायचा व्हता, भावजी. घान कशी ठेवू?"

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

बारकू जागेवरून उठला. "माज्या घरात पानी आलं नव्हतं. गाळाची पाटी मीच धरलेली. लिवा."

"भावजी, तुमचे मदतीचे पत्रे काढून नेतील."

"नेले तर पेंढा घालीन."

त्यानं सही केली. रश्मी मॅडमनी पेन पुढे धरून ठेवलं. ते कुणी घेतलं नाही.

"सगळ्यांनी एकदम खरं बोलनं बरं दिसत नाय," देवजी म्हणाले आणि सभा संपली.

दोन महिन्यांनी सुधारलेला नकाशा आला. माळभर पूर, आणि मधोमध बारकूचं घर आणि त्यापुढचं भात झोडायचं खळं, एवढंच कोरडं. बेटासारखं.

चंद्राबाईचं घरकुल त्या खळ्यात बसवायचं ठरलं. बारकूनं चुन्याच्या फक्कीनं पाया आखला. खोली बसली, चूल बसली. भात कुठे झोडायचं, हा विषय कुणी काढला नाही.

"दारात वटा काढू या का?" चंद्राबाईनं विचारलं. "बसाया व्हईल."

बारकूनं नकाशाची घडी उलगडली, बोट ठेवून बघितलं. "नाय, वैनी. तिथं पूर हाय."

चंद्राबाईनं समोर बघितलं. एप्रिलच्या उन्हात जमिनीला भेगा पडल्या होत्या.

"मग रायला," ती म्हणाली. "उंबऱ्यावं बसू."