पाहुण्यांसाठी उघडलेलं दार

प्रयोगशाळेत तिला सगळे पाठीमागे मिरची म्हणत, आणि आज तर तिचा नुसता भडका उडाला होता. डुकराच्या यकृताच्या पेशी वाढवणं हे तिचं काम. या खेपेच्या पेशी तिने आठवडाभर तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. पेशीसुद्धा भलत्या मानी. थाळीच्या तळाला चिकटल्या की त्यांना ऊब हवी, शांतता हवी. गारवा लागला, हिसका बसला की सुटल्याच, आणि सुटलेली पेशी मेलीच समजायची. संध्याकाळी त्या समोरच्या इस्पितळातल्या यंत्रात जायच्या होत्या. तिथे तिची वहिनी होती, काविळीने यकृत निकामी झालेली. तिचं रक्त या पेशींवरून फिरवलं असतं, तर तिच्या यकृताला सावरायला चार दिवस मिळाले असते.

आणि मिरची जेवायला गेल्याचं पाहून साहेबांनी पाहुण्यांना पेशी उबेत ठेवणारा इन्क्युबेटर उघडून दाखवला. दार सताड उघडं, थाळ्या बाहेर, एकेक उजेडात धरून, वाकडी करून फोटो. अक्कल गहाण टाकायला या माणसाला नेमका आजचाच दिवस सापडला होता.

तिने निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मेलेली पेशी निळी पडते. निम्म्याहून जास्त निळ्या होत्या.

"उरल्यात ना थोड्या? त्याच पाठवून द्या," साहेब म्हणाले. "गुण आला तर आला. नाहीतर आजारच हाताबाहेर गेला होता म्हणायचं. कोण विचारतंय?"

"मेलेल्या पेशींची घाण माझ्या वहिनीच्या रक्तात सोडू?"

"मग बॅच आपोआप बिघडली म्हणून कळवा. होतं असं कधीकधी."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आवाज मात्र चढला नाही. "नवीन पेशी तयार होईपर्यंत वहिनी तग धरणार नाही. चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"समोर."

पाहुण्यांदेखत तमाशा नको म्हणून साहेब मुकाट्याने निघाले. वॉर्डाबाहेर तिचा भाऊ उभा होता, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. तिचे रिकामे हात पाहून त्याने विचारलं, "पेशी मागून येतायत का?"

"दादा, हे आमचे साहेब. यांना तुझ्याशी बोलायचंय."

साहेब घसा खाकरत मागे वळले. जिन्याच्या तोंडाशी ती वाट अडवून उभी होती.

"त्याचं असं झालं," साहेब म्हणाले, "बॅच जरा आपोआप..."

"आपोआप नाही," ती म्हणाली. "पाहुणे आले तिथून सांगा."