कलम नऊ आणि चार साचे

नोटीस मीच टाइप केली होती, त्यामुळे बातमी घरी सगळ्यांच्या आधी मीच नेली. पश्चिम जर्मनीतल्या एका कापड गिरणीत आठ आठवड्यांचं प्रशिक्षण, जागा एक, विमानाचं तिकीट त्यांचं. मी थोरली, कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट, आणि माझा धाकटा भाऊ उत्तम त्याच कॉलेजात टेक्स्टाइलच्या तिसऱ्या वर्षाला, वर्गात पहिला. जागा त्याच्यासाठीच आली आहे असं धरून आईने गणपतीला नारळसुद्धा बोलून टाकला.

अडचण एवढीच की अर्जात कलम नऊ होतं. उमेदवाराने चालू गिरणीत चार आठवडे काम केल्याचा दाखला जोडावा. साल त्र्याऐंशी, मे महिना, गिरण्यांच्या संपाला सोळा महिने झालेले, आणि ह्यांना चालू गिरणी हवी. हे कलम लिहिणारा एकतर जर्मनीत राहत असावा, नाहीतर आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये. दोन्हीकडे बाहेरचं काही ऐकू येत नाही.

लालबागला आमच्या चाळीत बातमी फुटली आणि खोलीत सल्लागारांची रीघ लागली. मुंबई आणि गाव सोडून कुठे न गेलेली माणसं जर्मनीतल्या थंडीवर वाद घालत होती. एकाने कानटोपी आणून दिली, एकीने तिरफळं. दत्ताराम आमच्या ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी. त्याने एकच प्रश्न विचारला, "थंय आपल्या गावचो कोण आसा?" कोणी नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. गावचा माणूस आत असल्याशिवाय मिलमध्ये कुणी चिकटलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

उत्तम बाबांच्या मिलमध्ये लेबर ऑफिसरकडे गेला. साहेब फार गोड बोलले. चहा पाजला. म्हणाले, "दाखला मिळाला असंच समज. सोमवारी वडिलांना कामावर पाठव, मंगळवारी येऊन घेऊन जा." आमचे बाबा, गुणाजी, साचेखात्यात बावीस वर्षं चार साचे, म्हणजे माग, चालवत होते. ते आत गेले की मागोमाग वीस-पंचवीस जण जातील आणि बंद खातं सुरू होईल, हा साहेबांचा हिशेब.

उत्तम घरी काही बोलला नाही, पण आईपुढे त्याचं कधी काही चाललंय? रात्रीच्या जेवणाआधी सगळं बाहेर आलं. बाबा भडकले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरां" म्हणाले. सोमवारी पहाटे अंघोळ केली, भांग पाडला, मिलचा पास खिशात घातला.

"मी जातंय," म्हणाले.

आई डबा भरता भरता रडायला लागली. उत्तम उंबऱ्यावर बसला, दार अडवून. "तुम्ही गेलात तर मी अर्ज फाडीन."

"मग इतकी वर्षां तुका शिकवलंय कित्याक?"

"ह्यासाठी नाही, बाबा."

साडेसातपर्यंत दोघं तसेच, एक उभा आणि एक बसलेला. पाळीची वेळ टळली तेव्हा बाबांनी सदरा काढून खुंटीला लावला. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांच्याही गळ्यात पडावंसं वाटत होतं. ऑफिसला उशीर झाला होता, म्हणून दोन्ही राहिलं.

तोड शेवटी दत्तारामने काढली. "गिरण चालू नाय, पण चालवणारे आसत मां?" झालं. गॅलरीत दोन बाकडी आणि दोऱ्या लावून साचा उभा केला. आठ विणकर, सगळे संपावर, सगळ्यांना वेळच वेळ. चार आठवडे त्यांनी उत्तमला पिळून काढलं. तुटलेला धागा सांधायला शिकवला, ताणा बोटाने ओळखायला शिकवला, उशीर झाला की खाड्याची धमकी दिली. जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, द्यायच्या शिव्यासुद्धा शिकवल्या. मग मंडळाच्या लेटरहेडवर दाखला निघाला. वर गावच्या रवळनाथाच्या देवळाचं चित्र, खाली रबरी शिक्का, सहा सह्या, दोन अंगठे. इंग्रजी मजकूर माझा. त्या वर्षी मुंबईत ह्याच्याइतका खरा दाखला दुसरा निघाला नसेल.

दुसरा अर्ज एकच आला, बाबांच्याच मिलच्या एका डायरेक्टरच्या भाच्याचा. फाइल लावताना मी त्याचा दाखला वाचला. मिलचं लेटरहेड, त्याच गोड साहेबांची सही. भाच्याने एप्रिलमध्ये चार आठवडे साचेखात्यात, साचे क्रमांक एक्केचाळीस ते चव्वेचाळीसवर, समाधानकारक काम केलं. एप्रिलमध्ये त्या खात्यात उंदीर सोडून कोणी नव्हतं. आणि एक्केचाळीस ते चव्वेचाळीस हे बाबांचे साचे. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी आकडे मला दोनदा म्हणायला लावले.

मुलाखतीच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून आले. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. भाचा आत गेला, आणि त्याच्या मागोमाग बाबा. मी धावत दारापर्यंत पोचले तोवर त्यांचा नमस्कार करून झाला होता.

"माझे साचे तुम्ही सांभाळलात म्हणे," बाबा भाच्याला म्हणाले. "उपकार झाले. बेचाळीस नंबरचा धोटा अजून उडतो काय हो?"

भाचा चांगल्या वळणाचा मुलगा, उठून उभा राहिला. "उडतो थोडा. पण आता सवय झाली, काका."

"सवय कशी होईल? बेचाळीस नंबर संपाच्या आदल्या महिन्यातच भंगारात गेला. तिथे नुसती जमीन आहे."

कमिटीतले एक साहेब पंख्याकडे बघायला लागले. विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "गुणाजीराव, तुमचं म्हणणं ऐकलं. पण ह्यांचा दाखला लेटरहेडवर आहे."

"आमचाही आहे."

"त्यावर देऊळ आहे," विभागप्रमुख म्हणाले.

अर्ध्या तासाने त्यांनी मला आत बोलावून निकाल सांगितला. भाच्याची निवड. उत्तमच्या नावापुढे, 'प्रत्यक्ष कामाचा पुरावा नाही.' तीन प्रती.

मी मशीनपुढे बसले. साहेब, हे माझ्या हातून होणार नाही, असं वाक्य ओठावर तयार होतं. संप सुरू झाल्यापासून, तो मोडून कामावर परत गेलेल्या एकेकाला मी चाळीच्या नळावर घालूनपाडून बोलले होते. त्यांच्या बायकांनाही सोडलं नव्हतं. आता आमच्या घरात महिन्याच्या एक तारखेला पैसे येत होते ते फक्त माझे. मी कागदात कार्बन घातला आणि टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

बाहेर बाबा बाकावरच होते. "काय झाला गो?"

"त्याला नाही घेतलं," मी म्हटलं. "कागद मीच टाइप केला, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाकावर थोडे सरकले आणि म्हणाले, "बस. जेवलंस?" मला त्यांच्या शेजारी बसायची लाज वाटत होती. आतून बेल वाजली, तशी मी उभ्यानेच परत फिरले.