हातगिरणीत जायफळ

मित्रांनो, मी एक जुनी हातगिरणी आहे. पण पिठाची नव्हे हं, कॉफीची! लोखंडी दाते, सागवानी पेटी आणि वर फिरवायचा दांडा. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ हरिहरकाकांचं कॉफीचं दुकान आहे. तिथे आता विजेची गिरणी आली. तरी चव बघायचा नमुना काका माझ्यातच दळतात, याचा मला केवढा अभिमान!

बी जशी मातीची आणि डोंगराची, तशी तिची चव. चिकमगळूरची सौम्य, किंचित आंबटसर. कुर्गची कडक, कितीही दूध घाला, दबत नाही. अराकूची फळासारखी लागते. मलबारची मात्र गंमतच! तिला मुद्दाम पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवतात, मग तिचा आंबटपणा जातो. एकीचा वास दुसरीला लागू नये म्हणून काका मला दर वेळी ब्रशने झाडत.

गेल्या वर्षी काकांना मोठा ताप आला. ते बरे झाले, दुकानात बसू लागले. मग कोजागिरी आली. दुकानात झाडलोट आणि चहापाणी बघणाऱ्या विमलाबाईंच्या मिक्सरचं भांडं फुटलं होतं. त्यांनी मसाला दुधासाठी चक्क माझ्यात जायफळ दळलं. एक नाही, चार! माझा जीव नुसता गुदमरला.

दुसऱ्या दिवशी जुन्या गिऱ्हाईक उत्तराताई आल्या. काकांनी नमुना दळला, कॉफी केली, घोट घेतला आणि म्हणाले, "वा! अस्सल चिकमगळूर."

उत्तराताईंनी कप नाकाशी नेला. "काका, यात जायफळ आहे हो."

काकांचा चेहरा पडला. "तापानंतर मला वासच येत नाही. सात महिने अंदाजाने चालवतोय. आता दुकान बंदच करायला हवं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

विमलाबाई धावत आल्या. "दादा, मीच मेलीनं दळलं त्यात! थांबा, काढते वास." त्यांनी माझ्यातून मूठमूठ कोरडे तांदूळ दळले. दर मुठीला वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या. आठव्या मुठीला म्हणाल्या, "जायफळ गेलं. पण खाली परवाची ती कडक कॉफी अजून आहे."

परवा माझ्यात कुर्ग दळली होती! काका ताडकन उठले. त्यांनी चारही प्रकारची कॉफी केली आणि नावं न सांगता चार कप मांडले.

जन्मभर चहा पिणाऱ्या विमलाबाई एकेक घोट घेत गेल्या. "ही आजाऱ्याला द्यावी अशी मऊ. ही अंगावर येते. हिच्यात संत्र्याची साल किसलीय काय? आणि ही... पेटीतल्या जुन्या लुगड्यासारखी."

"चिकमगळूर, कुर्ग, अराकू, मलबार!" काका हसत होते आणि डोळे पुसत होते. "विमलाबाई, नाक तुमचं, माहिती माझी. बसा या खुर्चीत."

दुकान चालू राहिलं. आता काका दांडा फिरवतात आणि विमलाबाई पारख करतात. दोघांचे माझ्यावर फार उपकार आहेत; या वयात मला एवढं काम कोण देतं?

मित्रांनो, मला कधी पाण्याने धुऊ नका, माझे दाते गंजतात. आणि घरातलं मोठं माणूस गप्प गप्प वाटलं, तर जरा जवळ बसून विचारा. सात महिने काकांचा हात रोज माझ्या दांड्यावर होता, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.